दुखते ते वेगळे, धोका वेगळा: मनगटातील प्लेट काढण्याच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

५४ वर्षांच्या बाई, बार्शीला घरीच ब्लाउज शिवतात. पावसाळ्यात मोरीत पाय घसरला, उजवा हात टेकला आणि मनगट मोडले. पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन तळहाताच्या बाजूने लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रू आट्यांनी घट्ट बसतात अशी धातूची पट्टी) बसवली गेली. ८ महिन्यांनी त्या आल्या त्या एकच मागणी घेऊन: आतले लोखंड काढून टाका. कारणे दोन सांगितली. ओले कपडे पिळताना आणि कुलपात किल्ली फिरवताना करंगळीकडच्या बाजूला कळ येते. शिवाय थंडीत मनगट ठणकते, आणि शेजारच्या प्रत्येकीने 'आत रॉड आहे ना, म्हणून' असे सांगितले आहे.

या दोन्ही तक्रारींसाठी प्लेट काढून फारसा उपयोग झाला नसता. प्लेट काढावी मात्र लागली, आणि थोडी घाईनेच. पण ती बाईंनी सांगितलीच नव्हती अशा गोष्टीमुळे. (हे प्रकरण एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांमध्ये नेहमी एकत्र आढळणाऱ्या गोष्टी एका जागी मांडल्या आहेत.)

तपासणी

जखमेचा व्रण चांगला भरलेला, सूज नाही, बोटांच्या मुठी पूर्ण वळत होत्या. मनगट वर ६० अंश, खाली ५५ अंश. तळहात आकाशाकडे वळवताना शेवटचे १५ अंश कमी पडत होते आणि तिथेच कळ येत होती. अल्नाच्या (हाताच्या करंगळीकडच्या लांब हाडाच्या) टोकापुढच्या मऊ खळगीत बोट दाबल्यावर बाईंनी हात झटकन मागे घेतला. दुखण्याची जागा इतकी नेमकी दाखवता येत होती आणि ती प्लेटपासून चांगली दूर होती.

यानंतरचे दोन मिनिटांचे काम प्लेट असलेल्या प्रत्येक मनगटावर करायला हवे, रुग्णाची तक्रार असो वा नसो. मनगट मागे वळवून धरायचे, तपासणाऱ्याची दोन बोटे तळहाताकडच्या बाजूला, मनगटाच्या घडीच्या जरा वर, प्लेटच्या पुढच्या कडेवर ठेवायची, आणि अंगठ्याचे टोक वाकवायला-सरळ करायला लावायचे. इथे बोटांखाली स्पष्ट करकर लागली.

"ताई, कात्री चालवताना इथे काही जाणवतं का?"

"करकर होतं, मॅडम. दिवाळीपासून आहे. पण ते दुखत नाही, म्हणून सांगितलं नाही."

अंगठ्याचे शेवटचे पेर वाकत होते, पण डाव्या हाताच्या मानाने जोर कमी. हे पेर अजिबात वाकत नसते तर दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागल्या असत्या: कंडरा (स्नायूचा ओढा हाडापर्यंत नेणारी दोरी) तुटली आहे, की तिच्या स्नायूला चालवणारी नस बंद आहे. कंडरा शाबूत असेल तर मनगट मागे वळवताना अंगठ्याचे टोक आपोआप थोडे वाकते. तुटली असेल तर तसेच सरळ राहते. मध्यवर्ती नसेची तपासणीही त्याच वेळी करून घेतली. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची संवेदना नीट होती, रात्री मुंग्या येत नव्हत्या.

एक्स-रेवर काय वाचायचे

समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे नेहमीचे. पण बाजूचा एक्स-रे खरोखर बाजूचा असला तरच प्लेटची जागा कळते. त्याची खूण अशी: मनगटाच्या छोट्या हाडांपैकी पिसिफॉर्मची तळहाताकडची कड ही स्कॅफॉइडच्या पुढच्या टोकाची कड आणि कॅपिटेटची कड यांच्या मधोमध दिसली पाहिजे. हात थोडा जरी फिरलेला असला तरी पुढे आलेली प्लेट मागे दिसते किंवा उलटे होते. बाईंनी आणलेला जुना एक्स-रे असाच फिरलेला होता. तो पुन्हा काढला.

आता रेडियसच्या (हाताच्या अंगठ्याकडच्या लांब हाडाच्या, जिथे प्लेट बसवतात) दांड्याच्या तळहाताकडच्या कडेला समांतर अशी एक रेषा ओढायची, जी हाडाच्या पुढच्या ओठाच्या, म्हणजे टोकाच्या तळहाताकडच्या कडेच्या, सर्वांत उंच बिंदूतून जाईल. २०११ मध्ये मांडलेले सूंग वर्गीकरण याच रेषेवर उभे आहे. प्लेट रेषेच्या आत असेल तर श्रेणी ०. रेषेबाहेर आली, पण ओठाच्या मागेच, कोपराच्या बाजूला, थांबली तर श्रेणी १. ओठावर चढली किंवा त्याच्याही पुढे गेली तर श्रेणी २. या बाईंची प्लेट श्रेणी २ ची होती. तिची पुढची कड ओठावर टेकलेली होती.

आणखी एक गोष्ट याच एक्स-रेवर दिसली. रेडियसचा सांध्याकडचा पृष्ठभाग तळहाताकडे साधारण ११ अंश कललेला असतो. इथे तो फक्त २ अंश होता. हाड या कलात जुळले की पुढचा ओठ मागे जातो आणि त्यावर बसलेली प्लेट कंडरेच्या वाटेत आणखी वर येते. म्हणजे प्लेट किती पुढे बसवली आणि हाड कोणत्या कोनात जुळले, या दोन्हींचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

समोरच्या एक्स-रेत अल्ना रेडियसपेक्षा ३ मिलिमीटर लांब दिसत होती. रेडियस मोडून थोडी खचली, अल्ना होती तेवढीच राहिली. आता हात फिरवताना आणि पिळताना अल्नाचे टोक मनगटाच्या छोट्या हाडांवर दाबते. कपडे पिळतानाच्या कळीचे उत्तर इथे होते. हाड पूर्ण जुळलेले होते, एकही स्क्रू सांध्यात नव्हता. सांध्याची खात्री करण्यासाठी हात २० ते २५ अंश उचलून बाजूचा तिरपा एक्स-रे घेतला. मागच्या बाजूला स्क्रूची टोके बाहेर आली आहेत का, हे साध्या बाजूच्या एक्स-रेत कळत नाही, कारण रेडियसच्या पाठीवरचा लिस्टर उंचवटा मध्ये येतो. त्यासाठी मनगट पूर्ण वाकवून हाडाच्या पाठीवरून स्पर्शरेषेत एक्स-रे घेतात. एक स्क्रू जेमतेम १ मिलिमीटर बाहेर होता, तिथे दाबून दुखत नव्हते.

प्लेट इतकी पुढे का बसवली गेली

पहिल्या शस्त्रक्रियेत चूक झाली, असा निष्कर्ष इथे घाईचा ठरेल. पहिल्या दिवसाच्या सीटी स्कॅनमध्ये रेडियसच्या करंगळीकडच्या पुढच्या कोपऱ्याचा एक छोटा तुकडा सुटलेला दिसत होता. ल्युनेट हाड याच कोपऱ्यावर बसते. तो तुकडा प्लेटने आधारला नाही तर तुकडा निसटतो आणि त्याच्याबरोबर सगळे मनगट तळहाताकडे सरकते. ते नंतर दुरुस्त करणे फार अवघड. असा तुकडा धरायचा तर प्लेट ओठापर्यंत नेण्यावाचून गत्यंतर नसते. सर्जनने हाड वाचवण्यासाठी योग्य जागा निवडली होती.

राहून गेले ते पुढचे वाक्य. ओठावर बसवलेली प्लेट हाड जुळेपर्यंतची सोय असते. 'हाड जुळल्यावर, ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान प्लेट काढण्याचा विचार करावा. अंगठा करकरल्यास लगेच दाखवावे' एवढे डिस्चार्ज कार्डावर असते तर बाईंनी दिवाळीपासून वाट पाहिली नसती. कार्डावर होते ते 'टाके १२ व्या दिवशी'.

कंडरा झिजते कशी

अंगठ्याचे टोक वाकवणारी फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस (एफपीएल) ही कंडरा रेडियसच्या पुढच्या ओठाला जवळजवळ चिकटून जाते. साधारणपणे मध्ये प्रोनेटर क्वाड्रेटस स्नायूची गादी असते, पण तो स्नायू ओठापर्यंत पोहोचतच नाही. ओठावर धातूची कड आली की दर वेळी अंगठा वाकवताना कंडरा तिच्यावरून घासते. विहिरीच्या काठावर सोल घासून झिजतो, तसे धागे एकेक करून सुटतात. सोल तुटेपर्यंत पाणी शेंदता येते, म्हणून झीज लक्षात येत नाही. पुष्कळ रुग्णांना कंडरा तुटण्याच्या आधी वेदना नसते किंवा अगदी किरकोळ असते. एक दिवस बाटलीचे झाकण उघडताना अंगठ्याचे टोक वाकेनासे होते, एवढेच. हे काही महिन्यांत होऊ शकते, काही वर्षांनीही.

काम कोणते, हे इथे महत्त्वाचे ठरते. कात्री चालवताना मनगट थोडे मागे आणि अंगठा सतत वाकत-सरळ होत असतो. कंडरा कडेवर सर्वांत जास्त दाबली जाते ती याच अवस्थेत. हीच प्लेट हिशेबनीस बाईंच्या हातात कदाचित वर्षानुवर्षे गप्प राहिली असती.

सोनोग्राफी १२ मेगाहर्ट्झच्या वरच्या लिनियर प्रोबने, अंगठा हलवत ठेवून करून घेतली. कंडरा प्लेटच्या कडेला थेट टेकत होती, भोवती पाणी आणि सूज होती, कंडरेची खालची बाजू खरबरीत दिसत होती, पण सलगता होती. एमआरआय इथे कामाचा नसतो. धातूमुळे नेमका हवा तोच भाग काळवंडून जातो. सोनोग्राफी करणाऱ्याला 'मनगटाची सोनोग्राफी' एवढेच लिहून पाठवू नये. 'एफपीएल कंडरा, प्लेटच्या पुढच्या कडेशी, हालचालीत पाहणे' असे लिहावे.

निर्णय: कोणत्या गोष्टींनी पारडे फिरवले

काढण्याच्या बाजूने वजन होते ते करकर, श्रेणी २ ची जागा, सोनोग्राफीत दिसलेली झीज आणि कात्रीचे काम यांचे. चारही एकाच दिशेने बोट दाखवत होत्या. यातली एकटी श्रेणी २ असती आणि अंगठा, सोनोग्राफी दोन्ही स्वच्छ असती, तरी आमच्या मते या वयात आणि या कामात काढणेच बरे ठरले असते, फक्त घाई नसती. प्लेट श्रेणी ० ची असती आणि तक्रार फक्त थंडीतल्या ठणक्याची असती, तर ती तशीच ठेवावी. थंडीतला ठणका प्लेट न बसवलेल्या मोडक्या मनगटांनाही होतो. टायटॅनियम किंवा वैद्यकीय दर्जाचे स्टील आत गंजून विष पसरवत नाही, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण ही भीती मनात घेऊन येणारे खूप असतात.

वयाचा विचारही वेगळा करावा लागतो. ७८ वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या, हातकाम फारसे न करणाऱ्या आजींची शांत प्लेट वर्षाकाठी एकदा तपासून आणि सोनोग्राफी करून ठेवता येते. कंडरेवर झीज दिसली, तर तिथेही फक्त हाताला भूल देऊन काढणे हेच शहाणपणाचे. जपानमध्ये तक्रार नसतानाही अशी प्लेट काढून टाकण्याचा प्रघात बराच आहे. आपल्याकडे तक्रार येईपर्यंत थांबण्याचा. दुसऱ्या शस्त्रक्रियेची भीती, तिचा पहिल्या पॅकेजमध्ये न धरलेला खर्च, बुडणारी मजुरी, सोबत कोण येणार हा प्रश्न, या सगळ्यांमुळे 'पाहू नंतर' हेच उत्तर सोपे पडते.

या बाईंचेही तसेच झाले. लग्नसराई तोंडावर होती, कपाटात ब्लाउजच्या कापडांचे गठ्ठे. "चैत्र-वैशाख होऊ द्या, मग काढू." इथे डॉक्टरांनी आकडे न सांगता फरक समजावला: आज प्लेट काढली तर सहा आठवड्यांत कात्री हातात येते, कंडरा तुटल्यावर काढली तर दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते, अंगठा पुन्हा शिकवावा लागतो, तीन-चार महिने जातात आणि टोकाचा पूर्ण जोर परत येईलच असे नाही. दोन आठवड्यांनंतरची तारीख ठरली. तोपर्यंत कापण्याचे काम जावेकडे, बाईंनी फक्त मशीन चालवायचे.

त्याच बैठकीत दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगितली आणि संमतीपत्रावर लिहिली: करंगळीकडची कळ या शस्त्रक्रियेने जाणार नाही. हे आधी सांगितले नाही, तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही रुग्णाच्या लेखी फसलेली ठरते.

तयारी

प्लेट काढण्याच्या शस्त्रक्रिया अडतात त्या बहुधा पान्यावरून. २.४ मिलिमीटरच्या स्क्रूंना टी८ स्टारड्राइव्ह, म्हणजे चांदणीच्या टोकाचा पाना, लागतो, ३.५ च्या जुन्या स्क्रूंना २.५ मिलिमीटरचा षटकोनी. आपल्याकडे उत्पादक अनेक, आणि मापे सारखी सांगितली तरी डोक्याची खाच किंचित वेगळी असू शकते. म्हणून इम्प्लांटचे स्टिकर आणि पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद मिळवावी. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. मात्र नोंदी जपण्याचे बंधन ३ वर्षांचेच, त्यामुळे मागायच्या तर लवकर. इथे स्टिकर मिळाले. तरीही टेबलावर युनिव्हर्सल स्क्रू रिमूव्हल सेट, उलट्या आट्यांचे शंकूच्या आकाराचे एक्स्ट्रॅक्टर आणि धातू कापणारा कार्बाइड बर ठेवले होते.

संमतीपत्रात पाच गोष्टी होत्या: एखादा स्क्रू आतच ठेवावा लागू शकतो, कंडरा जास्त झिजलेली निघाली तर तिथेच कंडरा-जोडणी, व्रणाजवळ तळहातावर बधिरपणा, जंतुसंसर्ग, आणि स्क्रूच्या भोकांतून हाड पुन्हा मोडण्याचा धोका.

शस्त्रक्रिया

काखेच्या वर सोनोग्राफीने नसा शोधून फक्त हाताला भूल, दंडावर टुर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) २५० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबावर, छेदाआधी अर्धा तास सेफाझोलिन हे प्रतिजैविक २ ग्रॅम. जुन्या व्रणातूनच छेद, पण कोपराच्या बाजूला एक सेंटिमीटर वाढवून. व्रणात सगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. न कापलेल्या भागातून आत शिरले की थर ओळखू येतात. फ्लेक्सर कार्पाय रेडिआलिस या मनगट वाकवणाऱ्या कंडरेचे आवरण अंगठ्याच्या बाजूने उघडून ती कंडरा करंगळीकडे सरकवली, म्हणजे तळहाताची त्वचा सांभाळणारी मध्यवर्ती नसेची शाखा तिच्या मागे सुरक्षित राहते. अंगठ्याकडे रेडियल धमनी जपली.

अंगठ्याची कंडरा प्लेटच्या कडेला सूजलेल्या आवरणाने धरून ठेवलेली होती. सोडवून उलटवली तेव्हा खालच्या बाजूचे धागे सुमारे पाव जाडीपर्यंत फिसकटलेले, राखाडी दिसले. अर्ध्याहून कमी झीज असल्याने सुटे धागे कापून गुळगुळीत केले, सुजलेले आवरण काढले. अर्ध्याहून जास्त असती तर पामारिस लाँगस या दुसऱ्या कंडरेचा तुकडा किंवा अनामिकेची वरची कंडरा वापरण्याची तयारी होती.

स्क्रू काढताना पहिली शिस्त: कोणताही एक स्क्रू पूर्ण काढण्याआधी सगळे अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. नाहीतर शेवटच्या स्क्रूबरोबर सगळी प्लेट फिरते आणि नाजूक ओठ सोलून काढते. प्रत्येक खाचेतला तंतू बारीक टोकाने खरवडून काढायचा, पाना स्क्रूच्या अक्षातच बसवायचा, दाबून धरायचा, आधी केसभर घट्ट करून मग सैल सोडायचा. नऊपैकी आठ स्क्रू असे निघाले. पुढच्या रांगेतला तिसरा अडला. मूळ शस्त्रक्रियेत तो तिरपा घुसून प्लेटच्या आट्यांत जाम झाला होता. टायटॅनियममध्ये हे जास्त होते. दुसऱ्या प्रयत्नात पाना घसरल्याबरोबर थांबले. तिसऱ्यांदा तोच पाना रेटला असता तर खाच गोल झाली असती. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर हाताने, ड्रिलला न लावता, डावीकडे फिरवत बसवला आणि स्क्रू निघाला. तो नसता निघाला तर कार्बाइड बरने डोके कापून दांडा हाडातच ठेवायचा होता. बर चालवायचा तर आधी भोवती ओला गॉज पसरून, सतत पाणी सोडत आणि शोषत. धातूचा चुरा कंडरेच्या आवरणात राहिला तर काढायला गेलेली करकर नव्या रूपात परत येते.

प्लेटच्या कडेवर चढलेले हाड पातळ ऑस्टिओटोमने (हाडाच्या छिन्नीने) सोडवून प्लेट उचलली. त्यानंतर सी-आर्म या चालत्या एक्स-रे यंत्राखाली मनगट वाकवून पाहिले: करंगळीकडचा कोपरा जागेवर, मनगट पुढे सरकत नव्हते. टुर्निके सोडून रक्तस्राव थांबवला आणि मगच टाके घातले. एकूण ५५ मिनिटे.

पुढचे महिने

प्लास्टर नाही, फक्त मऊ ड्रेसिंग. भूल उतरल्यावर त्याच संध्याकाळी अंगठा वाकवणे-सरळ करणे, तासाला दहा वेळा. मोकळी केलेली कंडरा हलली नाही तर पुन्हा चिकटते. चहाचा कप, जेवण, पदर सावरणे लगेच. एक किलोपेक्षा जास्त वजन, बादली, भाकरी थापणे, ओले कपडे पिळणे सहा आठवडे बंद. स्क्रूची नऊ भोके हाडात कच्ची असतात आणि या वयात ती भरायला वेळ लागतो. १२ व्या दिवशी टाके काढले. चौथ्या आठवड्यात पातळ कापडावर कात्री, सहाव्यात अस्तराचे कापड.

उभ्याने पडून मनगट मोडले, तेही पाळी गेल्यानंतर, तर ते ठिसूळ हाडांचे लक्षण मानून तपासावे लागते. पहिल्या वेळी हे झालेच नव्हते. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, ड जीवनसत्त्व तपासले, दोन्ही कमी निघाले आणि औषध सुरू झाले. मनगटानंतर पुढचे मोडते ते अनेकदा मणक्यात किंवा खुब्यात, म्हणून ही तपासणी आमच्या लेखी प्लेटइतकीच महत्त्वाची.

तीन महिन्यांनी अंगठ्याची करकर गेलेली, चिमटीचा जोर डाव्या हाताच्या जवळ आलेला. करंगळीकडची कळ अपेक्षेप्रमाणे राहिली. तिच्यासाठी रात्री मनगटाचा पट्टा, पिळण्याऐवजी कपडे दाबून निथळवणे आणि कोपर ते मनगट फिरवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम दिले. सहा महिन्यांनी ती बरीच कमी होती. अल्ना आखूड करण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय बाईंना समजावून सांगितला आहे. सध्या त्यांना ती नको आहे, आणि तिथे घाईचे कारणही नाही.